कमी बोलणाऱ्याला काय म्हणायचं?

स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजी शब्दयादीत ‘टॅसिटर्न’ हा शब्द हमखास असतो. ‘कमी बोलणारा माणूस’ यासाठी एक शब्द सांगा, असा प्रश्न येतो आणि चार पर्यायांतून तो निवडायचा असतो. भोर, नसरापूर, वेल्ह्याकडून पुण्याच्या अभ्यासिकांत येऊन बसणारी मुलं तो पाठ करतात, समोर ‘मितभाषी’ असं लिहितात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. गुण मिळवायला तेवढं पुरतं. पण हा शब्द ज्यांच्याविषयी आहे ती माणसं या मुलांच्या घरातच असतात. दिवसभर खाचरात राबून आल्यावर चार वाक्यांच्या वर न बोलणारे आजोबा, पाहुण्यांत मागे बसून सगळं ऐकणारी मावशी, वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारा भाऊ. यांना आपण रोज काही ना काही नाव देत असतो. ते नाव चुकलं की त्यांच्याशी वागणंही चुकतं, आणि त्याची किंमत त्या माणसाला मोजावी लागते. म्हणून या एका शब्दाचा नीट उलगडा करावासा वाटतो.

लॅटिनमध्ये ‘टाकेरे’ म्हणजे गप्प राहणं. रोमन इतिहासकार टॅसिटसचं नाव याच धातूवरून आलं आहे. पाश्चात्त्य संगीताच्या लिखित प्रतींत एखाद्या वाद्याने अमुक भागात वाजवायचंच नाही अशी सूचना ‘टासेट’ या शब्दाने देतात, तोही यातलाच. या धातूपासून झालेलं ‘स्वभावतः कमी बोलणं’ या अर्थाचं नाम इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आहे. टॅसिटर्न हे विशेषण मात्र अठराव्या शतकात रुळलं. ते तात्पुरत्या शांततेविषयी नाही. सभेत दोन तास गप्प बसलेला माणूस टॅसिटर्न होत नाही, बायकोशी भांडून चार दिवस न बोलणाराही होत नाही. कमी बोलणं ही ज्याची सवय आहे, जो कालही असाच होता आणि उद्याही असाच असेल, त्याच्यासाठी हा शब्द आहे. त्यात थोडा कोरडेपणाही आहे. हा माणूस सहज जवळ येऊ देणार नाही, असं सुचवणारा.

घरात उर्दू बोलणाऱ्या मुलाला हा शब्द समजावणं तुलनेनं सोपं जातं. उर्दूत ‘कमगो’ आहे. ‘गो’ म्हणजे बोलणारा. ‘गुफ्तगू’ याच कुळातला. ‘कमसुखन’ आहे, त्यातला ‘सुखन’ म्हणजे बोल, काव्य. पुण्यात ‘सुखन’ नावाची उर्दू मैफल रंगलेली आहे, त्यामुळे मराठी रसिकांनाही तो शब्द परका नाही. आणि ‘खामोशमिजाज’ आहे, म्हणजे ज्याचा मिजाजच शांत. तिन्हींत स्वभाव सांगितलेला आहे. कमगोमध्ये निंदा नाही, फारशी स्तुतीही नाही; माणूस कमी बोलतो एवढंच. इंग्रजीतला कोरडेपणा दाखवायचा असेल तर ‘कमआमेज’ हा शब्द जवळ येतो, लोकांत न मिसळणारा. या मुलाला ‘चुप लगना’ हा प्रयोगही ठाऊक असतो. एखाद्याला धक्का बसून वाचाच गेली, तर त्याला ‘चुप लग गई’ म्हणतात. ‘चुप का रोजा’ म्हणजे ठरवून पाळलेलं मौन. कुराणातल्या मरियमच्या प्रसंगात असा न बोलण्याचा उपवास येतो. स्वभाव, धक्का आणि व्रत या तिन्हींना उर्दूत वेगवेगळे शब्द आहेत, आणि टॅसिटर्न त्यांतल्या पहिल्याच घरात बसतो.

इंग्रजी शब्द उर्दूत आणून बसवण्याचं मोठं काम महाराष्ट्राच्या भूमीवर झालं, हे आपल्याकडे कमी जणांना माहीत असतं. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं मुख्य ठाणं १९१३ पासून औरंगाबादला होतं. मौलवी अब्दुल हक तिथे राहून कोशाचं काम करत. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेला इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली निघाला. पुढच्या वर्षी संस्था दिल्लीला गेली. इकडे पुण्यात माधव ज्युलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश दिला. त्याच्याही आधी मोल्सवर्थने १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ मध्ये त्याची वाढीव आवृत्ती आली, आणि शब्द संस्कृतातून आला की फारसीतून की हिंदुस्थानीतून हे तो शब्दापुढच्या खुणेने सांगत गेला. एक कवी, एक मौलवी आणि एक लष्करी अधिकारी यांनी आयुष्यातली वर्षंच्या वर्षं शब्दाला शब्द लावण्यात घालवली, म्हणून आज एखादं पोर मोबाइलवर अर्थ शोधू शकतं. या कामाबद्दल मला फार आदर आहे. तरीही कोश शब्दापुढे शब्द ठेवतो आणि थांबतो. कुठला शब्द कुणाला लावायचा, हे वापरणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

मराठीत ही अडचण मोठी आहे, कारण न बोलण्यासाठी आपल्याकडे शब्दांची नुसती रेलचेल आहे आणि जवळजवळ प्रत्येक शब्द काहीतरी निवाडा करतो. मितभाषी हा प्रतिष्ठित शब्द. मोजकं बोलणारा, म्हणजे बोलू शकत असून मोजून बोलणारा. हा शब्द आपण न्यायाधीशाला, शास्त्रज्ञाला, एखाद्या जुन्या नेत्याला लावतो. गुरं राखणाऱ्याला लावत नाही. तोच गुण त्याच्यात दिसला की आपण त्याला घुमा म्हणतो, घुम्या म्हणतो. त्यात संशय आहे, याच्या पोटात काहीतरी आहे असा. आणखी एक पायरी खाली गेलं की तो ‘आतल्या गाठीचा’ होतो, म्हणजे डाव राखून असलेला. अबोल हा प्रेमाचा शब्द; लेकीबाळींना, सुनांना, लाजऱ्या मुलांना लावलेला. अबोलीच्या फुलाचं नाव त्याच्याशी जुळतं, आणि त्या फुलाला वास नसतो, हे लक्षात घेतलं की नाव देणाऱ्याच्या नजरेचं कौतुक वाटतं. मुखदुर्बळ म्हणजे ज्याला बोलायचं आहे पण बोलता येत नाही. अबोला हा रागाचा, तो धरला जातो आणि सुटतो. मूग गिळून बसणारा, मिठाची गुळणी धरणारा, हा सगळं माहीत असून सोयीसाठी गप्प असतो.

आणि मौन वेगळंच. ते घेतलं जातं. गांधीजींचा सोमवारचा मौनवार साऱ्या देशाला माहीत होता. ते कागदाच्या चिटोऱ्यांवर उत्तरं लिहून देत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगावचे मौनी महाराज शिवकाळातले सत्पुरुष. शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला गेले होते आणि पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौन पाळायला आजही देशोदेशींचे लोक येतात. पण मौनात गेलेला माणूस एरवी भरपूर बोलका असू शकतो. त्याचा टॅसिटर्नशी संबंध नाही.

मग भोर-वेल्ह्याच्या डोंगरातला कमी बोलणारा माणूस नेमका कोण? पुण्याहून तोरण्यावर, राजगडावर किंवा केळदच्या बाजूने मढे घाटात जाणारे लोक परत येऊन सांगतात की इथली माणसं साधी आहेत पण फार बोलत नाहीत. सरकारी कामाला येणारेही तेच म्हणतात, जरा वेगळ्या सुरात. मला हे निरीक्षण अर्धं वाटतं. ज्यांनी इथल्या माणसाला पलीकडच्या सोंडेवरच्या गुराख्याला हाळी घालताना ऐकलंय, भाताच्या लावणीत गुडघाभर चिखलात भलरी म्हणणाऱ्या बायांचा आवाज ऐकलाय, काकड्याला किंवा हरिपाठाला टाळ घेऊन उभ्या असलेल्या त्याच आजोबांना पाहिलंय, ते त्याला अबोल म्हणणार नाहीत. तो कुठे आणि कुणासमोर बोलत नाही, हे पाहायला हवं. आणि तसं पाहिलं तर इतिहासाकडे जावं लागतं.

हा मुलूख बारा मावळांतला. गुंजण मावळ, कानद खोरं, हिरडस मावळ, रोहिड खोरं, वेळवंड खोरं, मोसे खोरं ही नावं आजच्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत पसरली आहेत. (वेल्हे तालुक्याचं नाव शासनाने आता राजगड तालुका केलं आहे, लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.) इथल्या देशमुखांची वतनं, त्यांचे तंटे, त्यांचे महजर म्हणजे निवाडापत्रं यांची जुनी कागदपत्रं मोठ्या संख्येने छापली गेली आहेत. कारीच्या जेध्यांचा करीना, म्हणजे घराण्याची हकिकत, त्यात प्रसिद्ध. या कागदांची भाषा वाचली की सतराव्या शतकातल्या मावळ्याला कागद ऐकून काय समजत असेल, असा प्रश्न पडतो. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी वेगवेगळ्या काळातल्या पत्रांमधले शब्द मोजून पाहिले होते. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द शेकडा १४ च्या आसपास, बाकी फारसी. १६७७ च्या पत्रात मराठी शेकडा ६२. १७२८ च्या पत्रात ९३. मधे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला होता आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला होता. बदल मोठा होता, पण सगळे शब्द गेले नाहीत.

जे राहिले ते कोणते, ते बघा. जबानी, जबाब, जाब, कबुली, फिर्याद, तक्रार, अर्ज, दाद, हजर, रुजू. माणसाने वरच्या माणसासमोर उभं राहून तोंड उघडायचं, तेव्हाचे हे शब्द आहेत, आणि ते फारसी-अरबीतून आले आहेत. उलट गप्प राहण्याचे आपले शब्द पाहा: उगी, मुका, मुकाट, अबोल, घुमा, मूग गिळणं. हे सगळे घरातले. रडणाऱ्या तान्ह्याला आपण ‘उगी, उगी’ म्हणतो. माझ्या मते यात या भागातल्या माणसाच्या न बोलण्याचं एक कारण दडलेलं आहे. पिढ्यान्पिढ्या त्याला कचेरीत जे बोलावं लागलं ते लिहून घेतलं गेलं, त्याच्यावर शिक्का उमटला आणि त्याच्यावरून जमीन गेली किंवा राहिली. निजामशाही, आदिलशाही, स्वराज्य, पेशवाई, मग भोरच्या पंतसचिवांचं संस्थान, शेजारी इंग्रजी अंमल. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं तोपर्यंत कचेऱ्या बदलत राहिल्या, पण जबानी घेणं बदललं नाही. पुढे धरणं आली, जमिनीचे पंचनामे झाले, पुनर्वसनाचे अर्ज भरले गेले. अनोळखी, शिकलेला, कागद हातात असलेला माणूस समोर आला की शब्द जपून वापरायचे, हे शहाणपण लोकांनी अनुभवातून कमावलेलं आहे. त्याला घुमेपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

इतिहासात ‘टॅसिटर्न’ हे नाव मिळालेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे ऑरेंजचा विल्यम, डच स्वातंत्र्ययुद्धाचा पुढारी, जन्म १५३३, खून १५८४. फ्रेंचमध्ये त्याचं बिरुदच ‘ल तासितुर्न’. गंमत अशी की हा माणूस स्वभावाने मनमिळाऊ होता, जेवणाच्या टेबलावर छान बोलायचा. आख्यायिका अशी: १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री शिकारीला गेला असताना विल्यमही आपल्याच कटात सामील आहे असं समजून, प्रॉटेस्टंटांचा काटा काढण्याचा बेत त्याला सांगत गेला. विल्यमने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, तोंडातून शब्द काढला नाही, आणि मिळालेली माहिती मनात ठेवली. बिरुद त्या एका प्रसंगावरून चिकटलं म्हणतात. म्हणजे स्वभावाचं नाव, पण मिळालं प्रसंगावरून.

आपल्याकडे अशा मौनाचा सर्वांत मोठा दाखला राजगडाशी जोडलेला आहे. १६६६ च्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले. नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेला मोरोपंत पिंगळ्यांच्या नात्यातल्या ब्राह्मण कुटुंबाकडे ठेवलं, आणि महाराज स्वतः राजगडावर पोचल्यावर राजपुत्र वाटेत वारला अशी हूल उठवली, की माग काढणाऱ्यांनी शोध सोडावा. मूल परत येईपर्यंत किती जणांना खरं माहीत होतं आणि त्यांनी ते कसं पोटात ठेवलं असेल, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. राजगड जवळजवळ पाव शतक राजधानी होता. गडाखालच्या वाड्यापाड्यांतली माणसं वर-खाली ये-जा करत, दाणागोटा पोचवत, बरंच काही पाहत. ज्या मुलखाने एवढी वर्षं राजधानी सांभाळली, त्या मुलखात बोलण्यापेक्षा न बोलण्याला मोल आलं असेल, असं मला वाटतं. पण विल्यमप्रमाणेच इथेही लक्षात ठेवायला हवं की गुपित राखणं हे कौशल्य आहे, स्वभाव नव्हे. अतिशय बोलका माणूसही उत्तम गुपित राखतो.

स्वभाव म्हणून कमी बोलणं असतं का, आणि ते कुठून येतं? मानसशास्त्राकडे याचं बऱ्यापैकी उत्तर आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी कार्ल युंगने १९२१ च्या ग्रंथातून रूढ केली. पुढे हार्वर्डमध्ये जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना अनोळखी आवाज, हलती खेळणी, वेगळे वास देऊन पाहिलं. साधारण पाचांतलं एक बाळ हातपाय झाडून रडत असे; पाचांतली दोन शांतपणे बघत राहत. ही मुलं वाढत असताना त्यांचा माग ठेवला गेला. जी बाळं जास्त दचकत होती त्यांच्यात पुढे नवख्या माणसांसमोर गप्प होणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं. पण त्यातली सगळी तशी झाली नाहीत, बरीचशी मधल्या वाटेने गेली. जन्मतः एक कल असतो आणि घर, शाळा, शेजार त्याला वळण देतात.

इथे तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. अंतर्मुख माणसाला एकटं राहणं आवडतं, त्याला त्याचा त्रास नसतो. लाजरा माणूस बोलू इच्छितो आणि भीतीने अडतो. आपला मुखदुर्बळ तो हाच. आणि तिसरी अवस्था आजाराच्या हद्दीत जाते. काही मुलं घरी धबाधबा बोलतात आणि शाळेत महिनोन् महिने एक शब्द उच्चारत नाहीत. जर्मन वैद्य कुसमाऊल यांनी १८७७ मध्ये याची नोंद केली तेव्हा मूल मुद्दाम बोलत नाही असं मानलं गेलं. पुढे स्वित्झर्लंडच्या ट्रामर यांनी १९३४ मध्ये दिलेल्या नावातही ‘स्वतःहून निवडलेलं’ हीच छटा होती. १९९४ मध्ये मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात ते नाव बदललं, आणि २०१३ मध्ये या अवस्थेला चिंताविकारांत जागा मिळाली. सव्वाशे वर्षं ज्या पोरांना हट्टी म्हटलं गेलं ती घाबरलेली होती. शंभरात एकापेक्षाही कमी मुलांत हे आढळतं, पण ज्याच्या घरात ते मूल आहे त्याला आकड्याचं काय! महिन्याहून जास्त काळ मूल शाळेत अजिबात बोलत नसेल, आणि शाळेतला तो पहिलाच महिना नसेल, तर ‘लाजाळू आहे, होईल मोठं झाल्यावर’ म्हणून सोडू नये. आधी कान तपासावेत, कारण कमी ऐकू येणारं मूलही अबोल समजलं जातं. मग समुपदेशक गाठावा. १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं.

मोठ्या माणसाबाबत खूण वेगळी. आयुष्यभर कमी बोलणारा माणूस कमी बोलतोय, हे काळजीचं कारण नाही. बोलका माणूस गप्प झाला, हे आहे. उर्दूवाल्यांच्या ‘चुप लग गई’चं हेच घर. नवरा गेल्यावर, पीक बुडाल्यावर, लेक परगावी गेल्यावर बोलणं आटलं, जेवण कमी झालं, झोप उडाली, तर तो स्वभाव नव्हे. तिथे ‘आता शांत झाल्यात बाई’ असं कौतुकानं म्हणणं मला भयंकर वाटतं.

बोलण्याच्या चालीरीतींवर भाषाशास्त्रज्ञांनी केलेल्या कामातून आणखी एक उपयोगी गोष्ट हाती लागते. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या नेहमीच्या गप्पांचं मोजमाप प्रसिद्ध झालं. हो-नाही उत्तराचा प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा. जपानीत अंतर जवळजवळ शून्य, डॅनिशमध्ये अर्ध्या सेकंदाच्या जरा आत. त्या दहांत एकही भारतीय भाषा नव्हती, याची खंत वाटते. फरक इतके बारीक असूनही कानाला ते जाणवतात. उत्तर किंचित उशिरा आलं की आपल्याला वाटतं, याला पटलेलं नाही, किंवा हा काहीतरी लपवतोय. शहरी वेगाने प्रश्न विचारणारा आणि विचार करून उत्तर देणारा मावळी शेतकरी समोरासमोर आले की पहिला दुसऱ्याला वेळच देत नाही. स्वतःच उत्तर सुचवतो, दुसरा ‘हां’ म्हणतो, आणि पहिला सांगत सुटतो की हे लोक बोलत नाहीत. फिनलंडच्या लोकांवर हाच शिक्का आहे. तिथल्या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्ये ‘गप्प फिनिश माणूस’ या प्रतिमेवरच लेख लिहून दाखवलं की तिथे गप्प बसून ऐकणं हा समोरच्याचा मान राखण्याचा भाग आहे.

या विषयावरचं माझं सगळ्यांत आवडतं काम किथ बासो या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचं आहे. ॲरिझोनातल्या सिबेक्यू गावच्या अपाची लोकांत राहून त्याने १९७० मध्ये लिहिलं की हे लोक कधी बोलणं सोडून देतात. अनोळखी माणूस भेटला की, नव्याने प्रेम जुळत असताना, कुणी शिव्या देत असताना, शोकात असलेल्याजवळ. आणि आणखी एक प्रसंग: दूरच्या निवासी शाळेतून मूल सुट्टीला घरी आलं की आईबाप पहिले काही दिवस त्याच्याशी फारसं बोलत नाहीत. ते मुलाला बोलू देतात, त्याच्याकडे पाहतात. मूल बदललंय का, आपली लाज वाटायला लागली आहे का, हे अजून कळलेलं नसतं, म्हणून ते थांबतात. बासोचा निष्कर्ष असा की समोरच्याशी आपलं नातं नेमकं काय आहे हे अनिश्चित असतं, तेव्हा हे लोक गप्प राहतात.

हे वाचल्यावर पुण्याला वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलांची वेल्ह्यातली घरं डोळ्यांसमोर उभी राहतात. एसटीतून उतरून पोर घरी येतं, हातात मोबाइल, तोंडात नवे शब्द. बाप विचारतो, ‘कधी निघालास?’, ‘जेवलास का?’, आणि संपलं. पोराला वाटतं बापाला आपल्याविषयी काही नाही. बाप मात्र बघत असतो. मी अपाचींचं निरीक्षण जसंच्या तसं इथे लावत नाही, ते लोक वेगळे आणि त्यांचे संकेत वेगळे. पण या गप्प बसण्याला प्रेम नाही असं समजण्याआधी ही शक्यता मनात आणावी, एवढं नक्की.

शाळेत हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. भोर-वेल्ह्यात कातकरी वाड्या आहेत, धनगरवस्त्या आहेत. घरची बोली एक, पुस्तकाची मराठी दुसरी. भोरच्या एखाद्या मुस्लिम घरात दखनी उर्दू बोलली जाते आणि मूल मराठी शाळेत जातं. नवी भाषा शिकणारं मूल सुरुवातीचा काही काळ नुसतं ऐकतं, आणि त्या काळात ते आतून भरपूर शिकत असतं, हे जगभरच्या शिक्षकांनी पाहिलेलं आहे. आपल्या प्रगतिपुस्तकात मात्र त्याच्यापुढे ‘वर्गात सहभाग कमी’ असा शेरा पडतो. या मुलांना मंद म्हटलं गेलेलं मी ऐकलं आहे आणि दर वेळी मनस्वी वाईट वाटलं आहे.

त्यावरचा एक उपाय फुकटचा आहे. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिफितींवर घेऊन तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतः उत्तर देतात, असं दिसलं. त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं, प्रश्नानंतर आणि उत्तरानंतरही. उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं, जी मुलं कधी बोलत नव्हती ती बोलू लागली, आणि मुलं एकमेकांना प्रश्न विचारू लागली. काही शिक्षकांनी सांगितलं की ज्या मुलांकडून त्यांची काही अपेक्षा नव्हती, त्यांच्याविषयीचं त्यांचं मत बदललं. तीन सेकंद थांबणं सुरुवातीला शिक्षकाला फार जड जातं, असंही रो यांनी नोंदवलं आहे. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्याला तर जास्तच. तरी एका तासात, एका प्रश्नापुरतं, मनातल्या मनात तीन आकडे मोजून पाहता येतं.